मुल्क शाम

पहिली चूक मी पहिल्याच संध्याकाळी केली. आजोळच्या घरातून आणलेला अल्बम पलंगावर उघडून बसले आणि फोटो एकेक करून पानावर चिकटवलेल्या कागदी कोपऱ्यांतून सोडवायला लागले. मागे काही लिहिलेलं असेल, तारखा सापडतील, अशी घाई झाली होती. अकरा फोटो निघाल्यावर मुलगा खोलीत आला आणि म्हणाला, "आई, कुठला फोटो कुठल्या पानावर होता हे लिहून ठेवलंयस ना?" लिहिलेलं नव्हतं. काळ्या पानावर फोटोच्या जागी थोडा गडद, न विटलेला चौकोन उरतो. त्याच्या मापावरून आणि कोपऱ्यांमधल्या अंतरावरून मी पुढचे तीन दिवस ते अकरा फोटो जागेवर लावत होते. नऊ लागले. दोनांच्या बाबतीत आजही मनात शंका आहे.

आबा म्हणजे माझ्या आईचे वडील. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातलं त्यांचं घर पाडायचं ठरलं तेव्हा मामाने माळ्यावरून ट्रंक खाली काढली. आत डांबरगोळ्यांचा वास, एक फेटा, पेन्शनचं पुस्तक, तीन पदकं आणि तळाशी हा अल्बम. काळ्या जाड कागदाची चोवीस पानं, मध्ये बटर पेपर, बाजूला गोफाची दोरी. पुठ्ठ्याची एक कड कसरीने खाल्ली होती. काही फोटो कोपऱ्यांत बसवलेले, तर काही सरळ खळीने चिकटवलेले. जिथे खळ लावलेली तिथेच कसर लागलेली.

घरात आबांच्या दुसऱ्या महायुद्धातल्या लढाईबद्दल फार बोललं जात नसे, आणि त्यामागे कारण होतं. पुढच्या सोप्यात भिंतीवर फोटो होता तो त्यांच्या धाकट्या भावाचा. धाकटे आजोबा १९४३ पासून भूमिगत होते, प्रतिसरकारच्या कामात होते. १९७२ साली त्यांना ताम्रपट मिळाला, तो त्याच फोटोखाली टांगलेला. एक भाऊ रानात लपून गोऱ्यांच्या सरकारविरुद्ध काम करतोय आणि दुसरा त्याच सरकारची वर्दी घालून सातासमुद्रापार लढतोय, हे १९४३ साली आमच्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत एकाच वेळी चालू होतं. दोघे भाऊ शेवटपर्यंत एका चुलीवर जेवले, एका पाटाचं पाणी वाटून घेत राहिले. पण भिंतीवर एकच गेला. दुसऱ्याची आठवण ट्रंकेत राहिली. आबा १९८७ साली वारले, तेव्हा मी शाळेत होते. त्यांना एकही प्रश्न विचारला नाही ही माझी खंत आहे, आणि या सगळ्या उद्योगामागे तीच आहे.

आईकडे मात्र ऐकलेल्या काही गोष्टी होत्या. आबा 'जंगी पलटणीत' होते. त्यांचा एक मुसलमान मित्र होता, 'मलिक शाम'. इटलीत त्यांनी बर्फ बघितला. एवढंच. मलिक शामचा फोटोही अल्बममध्ये होता, म्हणजे तो त्याचा आहे असं सगळे समजत होते. दोन जवान खांद्याला खांदा लावून उभे, मागे रंगवलेला पडदा, त्यावर खांब आणि वेली, शेजारी तिवईवर फुलदाणी. डावीकडचे आबा. खाली पांढऱ्या पेन्सिलने इंग्रजी अक्षरांत दोन शब्द. आम्ही मुलं ते 'मलिक शाम' असंच वाचत आलो.

अकरा फोटोंच्या गोंधळानंतर मी थांबले आणि आधी शिकून घ्यायचं ठरवलं. जुन्या कागदपत्रांचं काम करणाऱ्या एका ओळखीच्या ताईंनी फोनवर जे सांगितलं ते फार साधं होतं. अल्बम सोडवायचा नाही. प्रत्येक पान आहे तसं, बटर पेपरसकट आणि बटर पेपर उचलून, असं दोनदा टिपायचं. रिकाम्या जागाही टिपायच्या. मग जो फोटो कोपऱ्यांतून सहज सरकतो तेवढाच काढायचा, त्याचं पुढचं आणि मागचं अंग स्कॅन करायचं आणि लगेच जागेवर ठेवायचा. खळीने चिकटलेल्याला हात लावायचा नाही. वाफ, पाणी, सुरी काही नाही. फोटोच्या पृष्ठभागाला बोट लागू द्यायचं नाही. मागे पेनने काही लिहायचं नाही. आणि प्रत्येक पानाला आधी नंबर द्यायचा, तोही अल्बमवर न लिहिता वेगळ्या वहीत.

गच्चीच्या खोलीत उत्तरेची खिडकी आहे. तिथे टेबलावर अल्बम पुस्तकांच्या दोन ढिगांमध्ये ठेवला, म्हणजे तो पूर्ण सपाट उघडून शिवण ताणली जाणार नाही. सकाळी नऊ ते अकराच्या उजेडात मोबाइलने सगळी पानं टिपली. बऱ्याच फोटोंच्या गडद भागावर चंदेरी झाक आली होती, तिरप्या उजेडात आरशासारखी चकाकणारी. मला ती बुरशी वाटली आणि मी कापूस घेऊन पुसणारही होते. ती बुरशी नव्हती. फोटोतली प्रतिमाच मुळात चांदीच्या कणांची असते. दमटपणा आणि हवेतल्या वायूंमुळे ती चांदी विरघळते, वर येते आणि पृष्ठभागावर पुन्हा धातू होऊन बसते. ती पुसली म्हणजे फोटोच पुसला.

स्कॅनर सपाट काचेचा, साधा घरगुती. मोठ्या फोटोंना ६०० डीपीआय, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, पुरतात. पण अल्बममधले निम्मे फोटो निगेटिव्हच्याच आकाराचे होते, साधारण सहा बाय नऊ सेंटीमीटर, आणि त्यांच्यातली माणसं करंगळीच्या नखाएवढी. ते १२०० वर केले. काळेपांढरे असले तरी रंगीत स्कॅन केले, कारण पिवळेपणा, शाईचे डाग, पेन्सिलीच्या खुणा यांतही माहिती असते. फाइली टिफ या, दर्जा न घटवणाऱ्या प्रकारात ठेवल्या. एका फोटोला पुढून-मागून मिळून सात-आठ मिनिटं लागायची. एकशे बारा फोटो होते. नोकरी सांभाळून दीड महिना गेला.

मधेच एकदा धीर सुटला. चार फोटो मी शहरातल्या एका दुकानात 'दुरुस्तीला' दिले. दोन दिवसांनी गुळगुळीत, रंगीत छापून मिळाले. आबांचे डोळे घारे झाले होते, दात पांढरे, गालांवर लाली. बाही इतकी स्वच्छ झाली होती की खांद्यावरची खूण गायब. मूळ फोटोंपैकी एकाच्या मागे पारदर्शक चिकटपट्टी लावून ठेवलेली. ती पट्टी अजून तिथेच आहे. ओढली तर कागदाचा थर निघेल. आईने रंगीत फोटो बघितला आणि म्हणाली, "हे आबा न्हवंत." त्यानंतर एकही फोटो घराबाहेर गेला नाही.

त्या खांद्यावरच्या खुणेनेच खरं तर पहिलं दार उघडलं. स्कॅन मोठा करून बघितला तर बाहीवर गडद चौकोन आणि त्यात फिकट पानं दिसली. भारतीय सैन्याच्या आठव्या डिव्हिजनची ती खूण: लाल पार्श्वभूमीवर क्लोव्हरची पिवळी पानं. त्या काळच्या बऱ्याच फिल्मवर लाल रंग जवळजवळ काळाच यायचा, म्हणून चौकोन गडद. ही डिव्हिजन इराक, इराण, सीरिया या भागात होती आणि सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीच्या टाचेवर तारांतो बंदरात उतरली. तिच्यातल्या एकविसाव्या ब्रिगेडमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन होती. आणि या पहिल्या बटालियनचं जुनं टोपणनाव आहे 'जंगी पलटण'. आई लहानपणापासून सांगत होती ते अक्षरशः खरं होतं. आम्ही 'जंगी' म्हणजे मोठी, दांडगी एवढाच अर्थ घेत राहिलो.

पदकांनीही हातभार लावला. त्यांतली एक सहा टोकांची पितळी चांदणी, तिची फीत लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल. इटलीच्या झेंड्याचे रंग. ती इटली स्टार. दुसरं गोल पदक, मागे दोन तोंडांच्या राक्षसी सर्पावर उभा सिंह. ते १९३९–४५ चं वॉर मेडल. त्याच्या कडेवर भिंग लावल्यावर नंबर, हुद्दा आणि आबांचं नाव वाचता आलं. मामाची मुलं या पदकांनी बिल्ले बिल्ले खेळायची, त्यामुळे कड झिजलेली, पण नंबर शाबूत होता. तो घालून बेळगावला रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाला पत्र लिहिलं. टंकलिखित उत्तर आलं: भरतीचं साल १९४०, पहिली बटालियन, सेवामुक्ती १९४६. एवढ्या तीन गोष्टींवर अल्बमची पानं काळाच्या क्रमाने बसायला लागली, आणि मग लक्षात आलं की आबांनी ती आधीच क्रमाने लावलेली होती. मीच पहिल्या संध्याकाळी तो क्रम मोडत होते.

आता सुरुवातीची पानं वेगळी दिसू लागली. त्यांवरचे बरेच फोटो आबांचे नव्हतेच. बगदादचा रस्ता, तैग्रिसवरचा पूल, पिरॅमिड, जेरुसलेमची भिंत. सगळे एकाच मापाचे, चकचकीत, आणि खालच्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत क्रमांक व नाव. ते अक्षर निगेटिव्हवरच लिहिलेलं असतं, म्हणून प्रत्येक प्रतीवर सारखंच येतं. असे संच शहराशहरात शिपायांना विकायला असायचे. शिपायाजवळ स्वतःचा कॅमेरा क्वचितच असे. आधी मला या विकतच्या फोटोंचा कंटाळा आला होता, चाळून पुढे जात होते. नंतर वाटलं, महिन्याच्या पगारातून घरी मनीऑर्डर गेल्यावर जे उरायचं त्यातून कोरेगावच्या एका शेतकऱ्याच्या पोराने हे विकत घेतलं, जपलं, घरी आणलं. काय घ्यायचं हे त्याने निवडलं होतं. बाजारात नाचणाऱ्या बायकांचेही फोटो मिळत. आबांनी घेतले ते पूल, रहाट आणि एक खजुराचं खळं.

त्यातच टेसिफोनची कमान आहे. बगदादजवळचा विटांचा प्रचंड कमानीचा अवशेष, ताक-ए-किस्रा. हा विकतचा फोटो नाही. कमानीखाली सात जवान उभे आहेत, मुंगीएवढे. १२०० डीपीआयवरही चेहरे लागत नाहीत, पण आबांची मान किंचित डावीकडे कलते, ती तिथेही कललेली आहे. याच ठिकाणी नोव्हेंबर १९१५ मध्ये मोठी लढाई झाली होती, आणि तिच्यात याच पलटणीची आधीची पिढी होती. तेव्हा तिचं नाव १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री. तिथून मागे हटून ती कुत अल अमाराच्या वेढ्यात सापडली. १४७ दिवस वेढा चालला, माणसांनी घोडी-खेचरं खाल्ली किंवा धर्म आड आला म्हणून तीही खाल्ली नाहीत, आणि २९ एप्रिल १९१६ ला फौज शरण गेली. कैदेत कितीतरी जण मेले. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यात, ज्याला लोक मिलिटरी अपशिंगे म्हणतात, पहिल्या महायुद्धात पडलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे. कमानीखाली फोटो काढून घेणाऱ्या सात जणांना हे माहीत असणारच; पलटणीत अशा गोष्टी रंगरुटाला पहिल्या महिन्यात सांगतात.

आता मलिक शाम.

अल्बममधल्या ओळी मी 'इंग्रजी' म्हणून सोडून देत होते, कारण वाचल्या तर शब्द लागत नव्हते. एकदा मुलाने मोठ्याने अक्षरं जुळवत वाचायला सुरुवात केली आणि कानावर हिंदी आल्यासारखं वाटलं. इंग्रजांच्या हिंदी फौजेत लिहिण्या-वाचण्याची भाषा होती हिंदुस्थानी, आणि ती शिकवली जायची रोमन लिपीत. मद्रासी, पठाण, मराठा, डोगरा सगळ्यांना एकच. आबा मराठी चौथी शिकलेले. पलटणीत त्यांनी हे रोमन उर्दू शिकून घेतलं आणि अल्बमखाली त्यातच लिहिलं. कदाचित शिकल्याचा अभिमान असेल, कदाचित पलटणीतल्या सगळ्यांना वाचता यावं म्हणून. त्या फोटोखाली लिहिलं होतं, 'मुल्क शाम'. शाम म्हणजे सीरिया, जुन्या अर्थाने आजच्या लेबनॉनसकट. 'मुल्क शाम' हे त्या देशाचं नाव, माणसाचं नव्हे.

फोटोच्या मागचा शिक्काही मग बोलू लागला. वर अरबी, खाली फ्रेंच. दुबईत नोकरी केलेल्या शेजाऱ्यांनी अरबी ओळ वाचून दिली: स्टुडिओचं नाव आणि 'बेरूत'. डिव्हिजन इटलीला जाण्याआधी १९४३ मध्ये डोंगरी लढाईच्या सरावासाठी त्या भागात होती, म्हणजे काळ जुळला. साठ-सत्तर वर्षं आमच्या घरात एक मलिक नावाचा मित्र वावरत होता, ईदला आई त्याची आठवण काढायची, आणि तो कुणीच नव्हता. मग आबांच्या शेजारचा माणूस कोण?

तो आणखी चार फोटोंत आहे. एकदा हातात मग घेऊन, एकदा खेचराचा लगाम धरून, एकदा कपडे वाळत घालताना पाठमोरा. त्याचे कान बाहेर आलेले आहेत, पाठीमागूनही ओळखू येतो. शेवटचा तारांतोनंतरचा, पावसात, दोघांच्या अंगावर एकच ताडपत्री. पुढच्या पानावर चार रिकामे कोपरे. फोटो नाही. खाली पांढऱ्या पेन्सिलने 'जोड़ीदार', मग एक नंबर, मग एक शब्द: 'सांग्रो'.

या रिकाम्या पानाचाही स्कॅन माझ्याकडे आहे. ताईंनी सांगितलं नसतं तर मी ते पान कोरं समजून सोडलं असतं.

सांग्रो ही इटलीच्या पूर्व किनाऱ्यावरची नदी. नोव्हेंबर १९४३ मध्ये आठवी डिव्हिजन बिफेर्नो, त्रिन्यो अशा एकेका नदीवरून वर सरकत तिथे पोचली. पाऊस लागून राहिला होता, नदीला पूर, दोन्ही काठांना चिखल, आणि पलीकडच्या उंचवट्यावर जर्मन. तिथे आता सांग्रो नदीचं युद्धस्मशान आहे, आणि त्यातच एक वेगळं दहनस्मारक: ज्यांना अग्नी दिला, म्हणजे ज्यांचं थडगं नाही, अशा ५०० हून अधिक भारतीय जवानांची नावं त्यावर आहेत. युद्धात पडलेल्यांची थडगी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत ही नावं कुणालाही फुकट शोधता येतात. मला दोन संध्याकाळी काहीच सापडेना, कारण मी 'मराठा' आजच्या इंग्रजी स्पेलिंगने घालत होते. त्या काळी त्यात 'एच' हा 'आर'च्या आधी यायचा आणि 'टी' दोन असायचे. शेवटी नाव-पलटण सगळं सोडून नुसता आबांनी लिहिलेला नंबर घातला. एकच नोंद आली. नाव, 'शिपाई', वय २२, तारीख नोव्हेंबर १९४३ ची, आईवडिलांची नावं, बायकोचं नाव, गाव, सातारा, भारत.

नाव मी इथे लिहीत नाही. पण पडद्यावर ते वाचल्यावर मी स्कॅनर बंद केला आणि त्या रात्री पुढचं काम केलं नाही.

इथे एक कबुली द्यायला हवी. या टप्प्यावर मला सगळंच जुळवायचा मोह व्हायला लागला होता. अल्बममध्ये शेवटाकडे एका दगडी वाड्याच्या चौकाचा फोटो आहे, कोपऱ्यात मनोरा. फ्लॉरेन्सजवळ मोंतेगुफोनी नावाचा किल्लेवजा वाडा आहे. युद्धात उफ्फिझी संग्रहालयातली चित्रं तिथे हलवून ठेवली होती, बोतिचेल्लीची सुद्धा, आणि १९४४ च्या उन्हाळ्यात आठव्या डिव्हिजनचे मराठा जवान तिथे पोचले तेव्हा ती भिंतींना टेकवून ठेवलेली सापडली. त्यांच्यावर पहारा बसला. आबा त्या पहाऱ्यावर असावेत असं मला इतकं वाटत होतं की मी वहीत 'मोंतेगुफोनी' लिहूनही टाकलं. मग ताज्या डोळ्यांनी बघितलं. मोंतेगुफोनीचा मनोरा फ्लॉरेन्सच्या पालात्सो वेक्किओच्या मनोऱ्याच्या धर्तीवर बांधलेला, वर बाहेर आलेला सज्जा असलेला. आमच्या फोटोतला साधा चौकोनी, घंटेचा. नाव खोडलं आणि 'इटली, गावातला चौक' असं लिहिलं. हे खोडणं मला जड गेलं. पण ज्या घराने एका देशाचा माणूस करून ठेवला होता, तिथे मी आणखी एक खोटी खूण कशी पेरू?

तसंच सेनिओ नदीचं. एप्रिल १९४५ मध्ये याच पहिल्या बटालियनच्या नामदेव जाधवांना तिथे व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दोन जखमींना त्यांनी पाण्यातून बाहेर काढलं, मशीनगनची ठाणी मारली, आणि मग बांधावर चढून पलटणीची रणगर्जना देत मागच्यांना बोलावलं. आबा त्या दिवशी पलटणीत असतील. मामाला वाटतं एका गटाच्या फोटोत नामदेवराव आहेत. मला तसं म्हणता येत नाही, आणि मी म्हटलेलं नाही.

जोडीदाराचं गाव शोधणं मात्र अपेक्षेपेक्षा सोपं निघालं. यादीतलं गावाचं नाव कुठल्या तरी कारकुनाने ऐकून इंग्रजीत लिहिलेलं, त्याचे तीन उच्चार होत होते. मी ते आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने तिसऱ्या उच्चाराला मान हलवली. "ते खटावातलं. आबा दर साली बेंदराच्या आधी तिकडं जायाचे. बैलांचं सामान आणायला, म्हणायचे." बैलांचं सामान कोरेगावच्या बाजारात मिळत होतं. मामाने तिथल्या एका ओळखीच्या माणसाला फोन केला. आडनाव आणि 'लढाईत गेलेला' एवढं सांगितल्यावर त्याच दिवशी घर सापडलं.

आम्ही तिघं गेलो, आई, मामा आणि मी. बेरूतच्या फोटोची मोठी प्रत छापून घेतली होती, काहीही न सुधारता. चंदेरी झाक, दुमडलेला कोपरा, सगळं तसंच. घर आता सिमेंटचं, दारात ट्रॅक्टर. जोडीदाराचे पुतणे सत्तरी ओलांडलेले, आणि त्यांची आई, म्हणजे जोडीदाराच्या धाकट्या भावाची बायको, नव्वदीच्या पुढच्या. त्यांनी दिराला कधी बघितलं नव्हतं. त्या लग्न होऊन आल्या त्याआधीच तो गेला होता. पण जाऊबाईंबरोबर चाळीस वर्षं काढली होती. मूल नव्हतं. पेन्शन यायची. त्या गेल्या त्याला तीस वर्षं झाली. घरात त्याचा एकही फोटो नव्हता, कधीच नव्हता.

पुतण्यांनी प्रत हातात घेतली, चष्मा वर केला, आणि आधी आबांना बघितलं. "हे तर आमचे बेंदराचे पाव्हणे," म्हणाले. "दर साली यायचे. चुलतीला लुगडं आणायचे, आज्जीजवळ बसायचे. लहानपणी आम्हाला वाटायचं चुलतीचे भाऊच असतील." मग दुसऱ्या माणसाकडे बोट नेलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांचा नातू मागून डोकावत होता. त्याचे कान मी तेव्हा बघितले.

म्हाताऱ्या आजींना फोटो नीट दिसत नव्हता. त्यांनी तो मांडीवर ठेवला, त्यावरून हात फिरवला, आणि मला विचारलं, "बाय, कुठं जाळलं म्हणायचं त्येला?"

मी सांगितलं. इटली देश, नदीचा काठ, स्मारकाच्या दगडावर नाव कोरलेलं आहे, गवत कापलेलं असतं, माणसं राखण करतात. स्मारकाचा फोटो मोबाइलवर दाखवला. त्यांना दगडापेक्षा अग्नी दिला हेच महत्त्वाचं होतं. "पुरलं न्हाई न्हवं?" त्यांनी दोनदा विचारलं. "न्हाई, अग्नीच दिला," आई म्हणाली.

तारीख सांगितली तेव्हा मात्र घरातले सगळेच गप्प झाले. १९४३ साली तार आली होती ती इंग्रजीत. गावात वाचणारा नव्हता, वडूजला नेऊन वाचून आणली. वाचणाऱ्याने 'लढाईत गेला' एवढं सांगितलं, तारीख कुणी विचारली नाही, आणि तार पुढे कधीतरी पावसात गेली. तिथी माहीत नाही म्हणून आजवर त्याचं पान सर्वपित्री अमावास्येला, सगळ्यांबरोबर ठेवत आले होते. ऐंशी वर्षं. येताना मी जुन्या पंचांगावरून तिथी काढून नेली होती, कारण आईनेच सांगितलं होतं, "नुसती इंग्रजी तारीख घिऊन जाऊ नको." कार्तिक वद्यातली निघाली होती.

पुतण्यांनी भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढलं, नोव्हेंबरचं पान उलटलं आणि नातवाला पेन आणायला सांगितलं. तिथी शोधून त्या चौकोनात चुलत्यांचं नाव लिहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "नदीचं नाव पुन्हा एकदा सांगा. सांग्रो कसं लिवायचं?"